थंडी, बूट आणि झाटोपेक

मार्गशीर्ष सरून पौष लागला की बागलाण तालुक्यातील मोसम खोऱ्यात थंडी मुक्काम ठोकते. निफाडचा पारा किती घसरला याच्या बातम्या वृत्तपत्रांतून झळकू लागतात आणि त्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडील नामपुरात पहाटेच्या शेकोट्या पेटतात. कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीच्या वाटेला लागण्यापूर्वी, डाळिंबाच्या बागांवर दव साचलेले असतानाच, रस्त्याच्या कडेने काही आकृत्या धावताना दिसतात. लष्कर आणि पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुले. सोळाशे मीटरचे अंतर ठरलेल्या वेळेत कापता आले तर घराचे दैन्य फिटेल, एवढे साधे आणि एवढे मोठे गणित त्यांच्या डोक्यात असते. कोणाच्या पायात शाळेतले कॅनव्हासचे बूट, कोणाच्या पायात आठवडे बाजारातून आणलेले स्वस्त जोड, तर एखाद्याचे पाय अनवाणीच.

नाशिक, पुणे, मुंबईतही याच दिवसांत धावणाऱ्यांची गर्दी वाढते. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने तर शहरी मध्यमवर्गाला धावण्याचे वेडच लावले. तेथे प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. दुकानाची अख्खी भिंत बुटांनी भरलेली असते, किमती काही हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत जातात, आणि थंडीत धावण्यासाठी यांतला कोणता जोड घ्यावा हे काही केल्या ठरत नाही. नामपूरच्या मुलापाशी निवडीला वाव नाही आणि शहरातल्या धावपटूपाशी तो नको इतका आहे. या दोघांनाही काही सांगू शकेल असा एक माणूस विसाव्या शतकात होऊन गेला. त्याने बुटांच्या कारखान्यात उमेदवारी केली, बर्फात लष्करी बूट घालून सराव केला आणि एकाच ऑलिम्पिकमध्ये लांब पल्ल्याच्या तिन्ही शर्यती जिंकल्या. त्याचे नाव एमिल झाटोपेक.

बुटांच्या गावात

झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील कोप्रिव्हनित्से या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. खेळण्यात झिजणारे बूट ही त्या घरात चैन होती. शिक्षक होण्याची मुलाची इच्छा परिस्थितीने पुरी होऊ दिली नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९३७ मध्ये, तो झ्लीन या गावी बाटाच्या कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून दाखल झाला.

बाटा हे नाव मराठी वाचकाला परके नाही. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट बाटाच्याच दुकानातून आणायचे, असा महाराष्ट्रातील कित्येक घरांचा जून महिन्यातला रिवाज होता. हे नाव ऐकून तो कारखाना भारतातलाच असावा, असे मानणारेही कमी नव्हते. प्रत्यक्षात टॉमाश बाटाने १८९४ मध्ये भाऊ व बहिणीसह झ्लीन येथे हा उद्योग सुरू केला आणि तीन-चार दशकांत तो जगभर नेला. कोलकात्याजवळचे बाटानगर ही त्याचीच एक शाखा. झ्लीनमध्ये कारखाना, वसतिगृहे, शाळा, दुकाने, रुग्णालय असे सारे गावच बाटाने वसवले होते. शिकाऊ मुलांचा दिवस घड्याळाच्या काट्यावर चाले. दिवसा कारखाना, संध्याकाळी वर्ग आणि रात्री ठरलेल्या वेळी दिवे बंद. पुढे त्याने तेथील रासायनिक विभागातही काम केले.

मे १९४१ मध्ये झ्लीनच्या रस्त्यांवरून तरुणांची शर्यत होती. देश तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. अठरा वर्षांच्या झाटोपेकला धावण्याची मुळीच हौस नव्हती. प्रकृतीचे कारण सांगून त्याने अंग काढून घेण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी तपासून तो ठणठणीत असल्याचे सांगितले आणि त्याला नाइलाजाने धावावे लागले. सुमारे शंभर मुलांत तो दुसरा आला. जिंकण्याची चव जिभेवर रेंगाळली आणि नकोशा वाटणाऱ्या गोष्टीनेच त्याला आयुष्यभरासाठी धरले.

यान हालुझा हा झ्लीनमधला अनुभवी धावपटू त्याचा पहिला मार्गदर्शक ठरला. याच हालुझाला पुढे कम्युनिस्ट राजवटीत राजकीय कैदी म्हणून तुरुंगवास भोगावा लागला. त्याने शिकवलेल्या पद्धतीला झाटोपेकने स्वतःची जोड दिली. त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू लांब आणि संथ धावून सराव करीत. संथ धावणे आपल्याला येतेच, शिकायचे आहे ते वेगाने धावणे, असा सरळ विचार झाटोपेकने केला. दोनशे किंवा चारशे मीटर जोरात धावायचे, थोडे अंतर हळू धावून दम घ्यायचा आणि पुन्हा जोर लावायचा. ही पद्धत त्याने एकट्याने शोधली असे नव्हे. पण तिची मात्रा त्याने अशी वाढवली की समकालीन प्रशिक्षकांना तो वेडा वाटू लागला. १९४४ मध्ये त्याने दोन, तीन आणि पाच हजार मीटरचे राष्ट्रीय विक्रम मोडले, तेव्हा या वेडातले शहाणपण हळूहळू कळू लागले.

बर्फ आणि लष्करी बूट

युद्ध संपले आणि झाटोपेक सैन्यात दाखल झाला. ह्रानित्से येथील लष्करी अकादमीत त्याचे प्रशिक्षण झाले. मध्य युरोपातील हिवाळा नाशिकच्या हिवाळ्यासारखा सौम्य नसतो. तेथे महिनोन्‌महिने जमीन गोठलेली असते, पायवाटा बर्फाखाली जातात आणि दुपारीच अंधारून येते. त्या काळातील धावण्याचे बूट म्हणजे पातळ चामड्याचे, तळाला खिळे असलेले हलके पादत्राण. कोरड्या मैदानावर ते उत्तम, पण गुडघाभर बर्फात निरुपयोगी. बहुतेक धावपटू त्यामुळे हिवाळ्यात धावणे कमी करीत आणि वसंत ऋतूत पुन्हा सुरुवात करीत.

झाटोपेकने हिवाळ्याची सुट्टी मान्य केली नाही. सैनिकाला मिळणारे जाड चामड्याचे, वजनदार बूट त्याच्यापाशी होते. तेच पायात चढवून तो जंगलात शिरला. दिवसाचे काम आटोपून अंधारात विजेरीच्या उजेडात तो बर्फावरून धावत असे. या बुटांची निवड हौसेची नव्हती. पाऊल कोरडे राहावे, घोट्याला आधार मिळावा, निसरड्या जमिनीवर तळ घट्ट रोवला जावा, या तिन्ही गरजा त्या बुटाने भागवल्या. वजन हा त्याचा दोष होता. झाटोपेकने त्या दोषालाही कामाला लावले. बर्फातून पाय उचलताना गुडघे उंच उचलावे लागत. मांड्या आणि पोटऱ्या त्याने कसल्या जात. वसंतात जेव्हा तो पुन्हा हलके बूट घालून मैदानावर उतरे, तेव्हा पायांना पंख फुटल्यासारखे वाटत असणार, यात नवल नाही.

आजचे शास्त्र या अनुभवाला आकड्यांची जोड देते. प्रत्येक बुटाचे वजन शंभर ग्रॅमने वाढले, तर धावण्याला लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. शर्यतीत हा एक टक्का महाग पडतो. सरावात तो पदरात पाडून घेता येतो. अर्थात हे औषध कडक आहे. जड बुटांनी गुडघे आणि घोटे दुखावण्याचा धोका असतो. झाटोपेकचे शरीर वर्षानुवर्षांच्या सरावाने त्या भाराला सरावले होते. त्याचे पाहून कोणी एकदम तसे करू जाईल तर पहिल्या आठवड्यातच अंथरूण धरील.

त्याच्या सरावाच्या कथा पुढे दंतकथा बनल्या. धुवायचे कपडे न्हाणीच्या टबात टाकून त्यांवर तो जागच्या जागी धावे, म्हणजे धुणेही होई आणि सरावही. पत्नीला पाठीवर घेऊन तो धावला, असेही सांगतात. झाडे मोजत श्वास रोखून चालण्याचा सराव करताना तो एकदा बेशुद्ध पडला, हीदेखील अशीच एक कथा. यांतल्या काही गोष्टींना सांगणाऱ्यांनी तिखट-मीठ लावलेले असेल. पण चारशे मीटरच्या धावा एका दिवसात शंभरपर्यंत नेण्याचा त्याचा पराक्रम धावण्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. सकाळी पन्नास आणि दुपारनंतर पन्नास. म्हणजे जोरात धावलेले अंतरच चाळीस किलोमीटर.

लंडन ते हेलसिंकी

१९४६ मध्ये बर्लिनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांची क्रीडास्पर्धा झाली. उद्घाटनाच्या संचलनात चेकोस्लोव्हाकियाच्या फलकामागे झाटोपेक एकटाच चालत होता. प्रेक्षकांत हशा पिकला. पाच हजार मीटरची शर्यत त्याने मोठ्या फरकाने जिंकली तेव्हा तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दोन वर्षांनी, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्याने २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. दुसरा आलेला फ्रान्सचा अलँ मिमून पाऊण मिनिटाहून अधिक मागे होता. तीनच दिवसांनी पावसाने चिखल झालेल्या मैदानावर पाच हजार मीटरची अंतिम शर्यत झाली. शेवटच्या फेरीपर्यंत बराच मागे पडलेला झाटोपेक अचानक उसळून पुढे आला आणि बेल्जियमच्या गॅस्टन रेफपेक्षा अवघ्या ०.२ सेकंदाने मागे राहिला. चिखलात रुतणाऱ्या पावलांनी त्याने केलेला तो पाठलाग पाहणाऱ्यांच्या कायम स्मरणात राहिला.

त्याच ऑक्टोबरमध्ये त्याने भालाफेकपटू डाना इंग्रोवा हिच्याशी लग्न केले. दोघांचा जन्म एकाच वर्षी, एकाच दिवशी झालेला होता. १९४९ पासून १९५५ पर्यंत झाटोपेकच्या नावावर अठरा विश्वविक्रम लागले. एका तासात वीस किलोमीटरहून अधिक धावणारा तो पहिला माणूस, १९५१ मध्ये. दहा हजार मीटर एकोणतीस मिनिटांच्या आत धावणाराही तोच पहिला, १९५४ मध्ये.

धावताना तो देखणा दिसत नसे. मान एका बाजूला कललेली, खांदे वर, जीभ बाहेर आणि चेहऱ्यावर जणू प्राणांतिक वेदना. क्रीडालेखकांनी त्याच्या या शैलीवर मनसोक्त लिहिले. कमरेखाली मात्र सारे शांत असे. पावले छोटी, जलद आणि एका लयीत पडत. बर्फात शिकलेली पावले होती ती.

१९५२ चे हेलसिंकी ऑलिम्पिक भारतीयांच्या, विशेषतः मराठी माणसाच्या, स्मरणात आहे ते खाशाबा जाधवांमुळे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि हितचिंतकांच्या मदतीवर हेलसिंकी गाठले आणि २३ जुलै रोजी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच आठवड्यात, त्याच शहरात झाटोपेक इतिहास घडवत होता.

तो हेलसिंकीला पोहोचला हेच मुळी एक नाट्य होते. स्तानिस्लाव युंगविर्थ या तरुण धावपटूचे वडील राजकीय कैदी होते. म्हणून सरकारने त्याचे नाव संघातून वगळले. युंगविर्थ जाणार नसेल तर आपणही जाणार नाही, अशी भूमिका झाटोपेकने घेतली आणि संघाचे विमान त्याला न घेताच उडाले. एका लष्करी अधिकाऱ्याने एकपक्षीय राजवटीत असे वागणे म्हणजे आगीशी खेळ. अखेर सरकार नमले आणि दोघेही मागाहून निघाले. हा हट्ट फसला असता तर पुढचे काहीच घडले नसते, आणि झाटोपेकला ते ठाऊक होते.

२० जुलै रोजी त्याने दहा हजार मीटरचे सुवर्ण राखले. २४ जुलै रोजी पाच हजार मीटरच्या शेवटच्या फेरीत इंग्लंडचा ख्रिस चॅटवे, जर्मनीचा हर्बर्ट शाडे आणि मिमून हे तिघे त्याच्या पुढे होते. शेवटच्या वळणावर त्याने बाहेरच्या बाजूने तिघांनाही मागे टाकले. त्यानंतर तासाभरातच डानाने भालाफेकीचे सुवर्णपदक जिंकले. आणि मग झाटोपेकने मॅरेथॉनमध्ये उतरायचे ठरवले. हे अंतर तो त्यापूर्वी कधीही शर्यतीत धावला नव्हता.

२७ जुलै रोजी तो जागतिक उच्चांक नावावर असलेल्या इंग्लंडच्या जिम पीटर्सच्या बरोबरीने धावू लागला. वाटेत त्याने पीटर्सला हा वेग ठीक आहे ना, असे विचारले. दमलेल्या पीटर्सने त्याला चकवण्यासाठी वेग कमी पडत असल्याचे सांगितले. झाटोपेकने ते खरे मानले आणि तो पुढे निघून गेला. पीटर्सला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक वाटेत छायाचित्रकारांशी आणि पोलिसांशी गप्पा मारत २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत मैदानात परतला. दुसरा धावपटू अडीच मिनिटे मागे होता. जमैकाच्या रिले संघाने त्याला खांद्यावर उचलून घेतले. पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदके एकाच ऑलिम्पिकमध्ये मिळवणे त्यानंतर कोणालाही जमलेले नाही.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकपूर्वी त्याच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तरीही तो मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. जिंकला तो मिमून, वर्षानुवर्षे त्याच्या मागे दुसरा येणारा. झाटोपेकने टोपी काढून त्याचे अभिनंदन केले. १९५८ च्या सुरुवातीला स्पेनमधील एक शर्यत जिंकून त्याने धावण्याचा निरोप घेतला.

वसंत आणि हिवाळा

झाटोपेक राष्ट्रीय वीर होता, कर्नल होता, पक्षाचा सदस्य होता. १९५० च्या दशकात सत्तेची भलामण करणारी वक्तव्येही त्याच्या नावाने छापून आली. तो धुतल्या तांदळासारखा होता असे त्याच्या चाहत्यांनाही म्हणता येणार नाही. पण १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात मोकळेपणाचे वारे वाहू लागले, ज्याला जगाने प्राग वसंत असे नाव दिले, तेव्हा तो सुधारणांच्या बाजूने उभा राहिला. सुधारणावाद्यांच्या गाजलेल्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा वेन्सेस्लास चौकातील जमावापुढे तो बोलला.

त्याची किंमत लगेच वसूल झाली. त्याला सैन्यातून आणि पक्षातून काढण्यात आले. चार ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा मानकरी भूगर्भ सर्वेक्षणाच्या एका सरकारी कंपनीत मजूर म्हणून काम करू लागला. जमिनीत विंधने घ्यायची, जड अवजारे वाहायची, घरापासून दूर चाकांवरच्या खोलीत राहायचे. काही वर्षे हे चालले. एकेकाळी सरावासाठी स्वखुशीने जड बूट चढवणाऱ्या माणसाच्या पायात आता पोटासाठी मजुराचे बूट आले.

या दिवसांत तो मोडला का, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आपली १९६८ मधील भूमिका जाहीरपणे मागे घेतली. ज्यांनी ती मागे घेतली नाही आणि तुरुंग भोगला, त्यांना हे लागले. काहींनी त्याला शेवटपर्यंत क्षमा केली नाही. पायात बूट कोठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळते, हे खरे. पण युंगविर्थसाठी विमान सोडणारा माणूस आणि हा माणूस एकच होता, हेही विसरता येत नाही. धैर्य हे एकदा कमावले की जन्मभर पुरते असे नाही. तेही रोज नव्याने जमवावे लागते आणि कधी कधी कमी पडते.

पुढे त्याला प्रागमध्ये क्रीडाविषयक परदेशी मजकुराचे भाषांतर करण्याचे काम मिळाले. अनेक भाषा त्याला अवगत होत्या. त्याच्या ठिकाणचे औदार्य मात्र कधीच आटले नव्हते. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क अनेक विश्वविक्रम करूनही ऑलिम्पिक सुवर्णापासून वंचित राहिला होता. १९६० च्या दशकात तो प्रागला आला असता, परतताना झाटोपेकने विमानतळावर त्याच्या हाती एक लहानशी पुडी ठेवली. विमान उडाल्यावर क्लार्कने ती उघडली. आत हेलसिंकीच्या दहा हजार मीटरचे सुवर्णपदक होते.

कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतर १९९० मध्ये झाटोपेकवरील अन्यायाबद्दल अधिकृतपणे दिलगिरी व्यक्त झाली. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल यांनी त्याला देशाचा मोठा सन्मान दिला. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागमध्ये त्याचे निधन झाले.

पायाखालची जमीन

झाटोपेकनंतर बूट पार बदलले. चामडे गेले आणि जाळीचे कापड आले. तळाशी हवेचे बारीक बुडबुडे असलेला फेस आला. हा फेस उन्हाळ्यात मऊ असतो आणि थंडीत कडक होतो. म्हणून जो जोड ऑक्टोबरमध्ये गादीसारखा वाटतो, तोच डिसेंबरच्या पहाटे फळीसारखा लागतो. यावर उपाय सोपा आहे. बूट रात्री बाहेरच्या ओट्यावर न ठेवता घरात ठेवावेत आणि पहिली दहा मिनिटे हळू धावावे. फेसाचा जीव संपत आलेला जुना जोड थंडीत आणखी कठीण होतो. तो हिवाळ्यात ओढत राहण्यात शहाणपण नाही.

हिमप्रदेशात धावणाऱ्यांसाठी पाणी आत न शिरू देणारे अस्तर, खोल खाचांचे तळ, असे बूट मिळतात. ते महाग असतात आणि आपल्याकडच्या कोरड्या थंडीत त्यांची गरज नसते. उलट त्यांत घाम कोंडतो, मोजे ओले होतात आणि ओले पाऊल लवकर गार पडते. नामपूरच्या मुरमाड रस्त्यावर किंवा नाशिकच्या डांबरी रस्त्यावर साधी जाळी पुरते. दवाने भिजलेल्या गवतावरून धावायचे असेल तर तळाला खाचा असाव्यात. जाड मोजे घालायचे असतील तर बूट घेताना तेच मोजे घालून दुकानात जावे आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असा जोड निवडावा. घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे अधिकच गारठतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या धाग्याचे मोजे बरे. पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणाऱ्याच्या बुटावर उजेडात चमकणारी पट्टी असणे हे वाहनांच्या दृष्टीने मोलाचे.

ही सारी निवड झाटोपेकने एका जोडात केली होती, कारण त्याच्यापाशी दुसरा जोड नव्हता. त्याने आधी पायाखालची जमीन पाहिली, मग हवा पाहिली आणि हाताशी होते त्यातून या दोहोंना पुरेसे उत्तर शोधले. सरावाला वजनदार आणि शर्यतीला हलका, एवढा फरक त्याने ओळखला. बुटांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या मुलाला बुटाची मर्यादाही नेमकी ठाऊक असावी. बूट पाय राखतो. पहाटे अंथरुणातून उठवून दाराबाहेर काढण्याचे काम मात्र धावणाऱ्यालाच करावे लागते.

नामपूरच्या रस्त्यावर उजाडता उजाडता ही मुले परतू लागतात. शेकोटीभोवती हात शेकले जातात, दवाने ओले झालेले कॅनव्हासचे बूट नाड्या सोडून उन्हाच्या बाजूला तोंड करून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ते वाळायला हवेत. दुसरा जोड त्यांच्यापाशीही नसतो.